लहान विकसनशील युरोपीय राष्ट्रातील व्यवसाय आणि परकीय गुंतवणूक : मोल्दोव्हा प्रजासत्ताकाचा विशेष अभ्यास

प्रस्तावना

जागतिकीकरणाच्या प्रक्रियेत भांडवलाला देशांच्या सीमा पूर्वीइतक्या अडवत नाहीत. युरोप म्हटले की जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड अशी संपन्न राष्ट्रे डोळ्यांसमोर येतात. परंतु याच खंडाच्या पूर्व आणि आग्नेय भागात अनेक लहान राष्ट्रे अशी आहेत की ज्यांची गणना विकसनशील अर्थव्यवस्थांमध्ये होते. कमी वेतन, कमी कर, युरोपीय बाजारपेठेचे सान्निध्य आणि सुलभ कंपनी नोंदणी या गोष्टी पुढे करून ही राष्ट्रे परकीय भांडवलाला आमंत्रण देतात. आमंत्रण जितके आकर्षक तितकी त्याची चिकित्सा आवश्यक ठरते. कारण नोंदणी एका दिवसात होऊ शकते. गुंतवलेला पैसा मात्र अनेक वर्षे त्या देशाच्या न्यायालयांवर, बँकांवर, वीजपुरवठ्यावर आणि राजकारणावर सोपवलेला असतो.

मोल्दोव्हा हे अशा राष्ट्रांचे एक बोलके उदाहरण होय. रोमेनिया आणि युक्रेन यांच्यामध्ये वसलेला, सुमारे ३३,८०० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा देश २७ ऑगस्ट १९९१ रोजी सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाला. गेल्या तीन दशकांत या देशाने निर्यातबंदी, बँकांची लूट, इंधनटंचाई आणि शेजारच्या देशातील युद्ध असे अनेक आघात सोसले. आणि तरीही त्याच काळात त्याने युरोपीय संघाच्या उमेदवार राष्ट्राचा दर्जा मिळवला. संधी आणि जोखीम या दोन्ही बाजू एकाच देशात इतक्या स्पष्टपणे क्वचितच पाहावयास मिळतात. या दृष्टीने प्रस्तुत लेखात मोल्दोव्हातील व्यवसाय व गुंतवणुकीच्या परिस्थितीचे विवेचन केले आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मोल्दोव्हाच्या अर्थव्यवस्थेचे स्वरूप समजून घेणे.
२) परकीय गुंतवणुकीसंबंधीचे कायदे, करव्यवस्था व सवलती यांचा आढावा घेणे.
३) गुंतवणुकीस अनुकूल असलेल्या क्षेत्रांचा अभ्यास करणे.
४) गुंतवणूकदारासमोरील जोखमींची कारणमीमांसा करणे.
५) भारतीय उद्योजकांच्या दृष्टीने या अनुभवाचे महत्त्व स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यास वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो द्वितीयक साधनसामग्रीवर आधारलेला आहे. आंतरराष्ट्रीय संस्थांचे प्रसिद्ध अहवाल, मोल्दोव्हातील कायद्यांतील तरतुदी आणि सार्वजनिक नोंदीतील घटना यांचा आधार घेण्यात आला आहे.

आर्थिक पार्श्वभूमी

सोव्हिएत काळात मोल्दोव्हाकडे फळे, भाजीपाला, तंबाखू आणि वाइन पुरवणारा प्रदेश म्हणून पाहिले जाई. अवजड उद्योग व वीजनिर्मिती मुख्यतः द्निस्तर नदीच्या डाव्या काठावर उभारण्यात आली. स्वातंत्र्यानंतर १९९२ मध्ये याच पट्ट्यात सशस्त्र संघर्ष झाला व जुलै १९९२ मध्ये युद्धविराम झाला. तेव्हापासून ट्रान्सनिस्ट्रिया हा भाग किशिनाऊ येथील सरकारच्या प्रत्यक्ष नियंत्रणाबाहेर आहे व तेथे रशियाचे सैन्य तैनात आहे. परिणामी शेती एका काठावर आणि वीज व पोलाद दुसऱ्या काठावर अशी अर्थव्यवस्थेची फाळणी झाली. लेऊ हे राष्ट्रीय चलन नोव्हेंबर १९९३ मध्ये व्यवहारात आले.

रोजगाराच्या अभावी लाखो लोकांनी रशिया, इटली, रोमेनिया आदी देशांकडे स्थलांतर केले. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात परदेशस्थ नागरिकांनी पाठविलेल्या पैशाचे प्रमाण देशाच्या सकल उत्पादनाच्या जवळजवळ एक तृतीयांश होते. पुढे हे प्रमाण बरेच घटले. परंतु गेलेली माणसे परतली नाहीत. १९८९ च्या जनगणनेनुसार संपूर्ण प्रदेशाची लोकसंख्या सुमारे ४३ लाख होती. २०२४ च्या जनगणनेत, ट्रान्सनिस्ट्रिया वगळून, ती सुमारे २४ लाख भरली. दोन्ही आकड्यांची व्याप्ती भिन्न असल्याने त्यांची थेट तुलना करता येत नाही. तथापि घटीची दिशा स्पष्ट आहे. जागतिक बँकेच्या वर्गीकरणात मोल्दोव्हा २०२१ पासून उच्च-मध्यम उत्पन्न गटात मोडतो.

या पार्श्वभूमीवरून एक मूलभूत निष्कर्ष निघतो. देशांतर्गत बाजारपेठ लहान व आकुंचन पावणारी असल्याने, केवळ स्थानिक ग्राहकांच्या भरवशावर मोठा उद्योग उभा राहणे कठीण आहे. येथील गुंतवणूक बहुतांशी निर्यातीसाठीच अर्थपूर्ण ठरते.

व्यापारी करारांची चौकट

मोल्दोव्हा २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. २७ जून २०१४ रोजी युरोपीय संघाशी सहकार्य करार झाला. त्यातील सखोल व व्यापक मुक्त व्यापार क्षेत्राच्या तरतुदी १ सप्टेंबर २०१४ पासून तात्पुरत्या स्वरूपात व १ जुलै २०१६ पासून पूर्णतः अमलात आल्या. यामुळे मोल्दोव्हातील बहुतेक वस्तूंना युरोपीय संघात आयात शुल्काविना प्रवेश मिळाला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात निर्यातीचा मोठा हिस्सा पूर्वीच्या सोव्हिएत देशांकडे जात असे. २०२३ पर्यंत सुमारे दोन तृतीयांश निर्यात युरोपीय संघाकडे वळली. त्यातही रोमेनिया हा सर्वांत मोठा भागीदार ठरला.

राजकीय पातळीवर जून २०२२ मध्ये उमेदवार राष्ट्राचा दर्जा मिळाला व जून २०२४ मध्ये सदस्यत्वाच्या वाटाघाटी औपचारिकरीत्या सुरू झाल्या. २० ऑक्टोबर २०२४ रोजी झालेल्या सार्वमतात युरोपीय संघाच्या बाजूने मिळालेले बहुमत अर्ध्याच्या किंचितच वर होते. २८ सप्टेंबर २०२५ च्या संसदीय निवडणुकीत युरोपवादी सत्ताधारी पक्षाने बहुमत राखले. म्हणजेच दिशा निश्चित झाली असली तरी समाजातील मतविभाजन कायम आहे, आणि दीर्घ मुदतीच्या गुंतवणूकदाराने त्याची नोंद घेणे आवश्यक आहे.

कायदेशीर तरतुदी व करव्यवस्था

उद्योजकीय गुंतवणुकीसंबंधीचा मूलभूत कायदा २००४ मध्ये करण्यात आला. या कायद्यानुसार परकीय गुंतवणूकदारास स्थानिक गुंतवणूकदाराच्या बरोबरीचे स्थान, नुकसानभरपाईशिवाय मालमत्ता ताब्यात न घेण्याची हमी आणि कर भरल्यानंतर नफा मायदेशी नेण्याची मुभा देण्यात आली आहे. परकीय व्यक्ती कंपनीची संपूर्ण मालकी स्वतःकडे ठेवू शकते. लहान व मध्यम व्यवसायासाठी मर्यादित दायित्वाची कंपनी हा प्रकार सर्वाधिक प्रचलित असून नोंदणीचे काम सार्वजनिक सेवा संस्थेमार्फत अल्पावधीत होते.

एक महत्त्वाचा अपवाद मात्र आहे. शेतजमीन व वनजमीन परकीय व्यक्तीला किंवा परकीय भांडवल असलेल्या कंपनीला विकत घेता येत नाही. ती भाडेपट्ट्याने घ्यावी लागते. काळ्या सुपीक मातीसाठी प्रसिद्ध असलेल्या या देशात शेतीत उतरू पाहणाऱ्याने हा मुद्दा आरंभीच ध्यानात घ्यावयास हवा. द्राक्षवेल लावल्यापासून भरपूर उत्पन्न येईपर्यंत अनेक वर्षे जातात. तेव्हा भाडेपट्ट्याची मुदत व नूतनीकरणाच्या अटी हाच अशा प्रकल्पाचा पाया असतो.

कंपनी प्राप्तिकराचा दर १२ टक्के असून वैयक्तिक प्राप्तिकरही २०१८ पासून १२ टक्के या एकाच दराने आकारला जातो. मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर २० टक्के असून काही वस्तूंवर ८ टक्के हा सवलतीचा दर आहे. २०२३ पासून लघु व मध्यम उद्योगांना, भागधारकांत न वाटता व्यवसायातच ठेवलेल्या नफ्यावरील करातून ठरावीक काळासाठी सूट देण्यात आली.

मुक्त आर्थिक क्षेत्रांचा कायदा २००१ चा आहे. या क्षेत्रांतील उद्योगांना निर्यातीतून मिळणाऱ्या उत्पन्नावरील करात ५० टक्के सवलत मिळते. दहा लाख डॉलरची गुंतवणूक केल्यास तीन वर्षे व पन्नास लाख डॉलरची केल्यास पाच वर्षे या करातून पूर्ण सूट मिळण्याची तरतूद आहे. शिवाय कायदा बदलला तरी जुन्या अटी काही वर्षे कायम राहतील अशी हमीही देण्यात आली आहे. उत्तरेकडील बेल्त्सी आणि रोमेनियाच्या सीमेवरील उंगेनी ही यांपैकी प्रमुख क्षेत्रे होत. दक्षिणेस जुर्जुलेश्ती येथे देशाला डॅन्यूब नदीचा अर्ध्या किलोमीटरहूनही कमी काठ लाभला आहे. तेथे उभारलेल्या बंदरामुळे हा भूवेष्टित देश काळ्या समुद्राशी जोडला गेला. २०२१ मध्ये युरोपीय पुनर्रचना व विकास बँकेने या बंदराची पूर्ण मालकी घेतली.

गुंतवणुकीची प्रमुख क्षेत्रे

अ) वाइन उद्योग : द्राक्षशेती हा मोल्दोव्हाच्या ग्रामीण जीवनाचा कणा आहे. मिलेश्ती मिच येथील भूमिगत तळघरांची लांबी सुमारे २०० किलोमीटर असून तेथील बाटल्यांच्या संग्रहाची २००५ मध्ये गिनीज बुकात जगातील सर्वांत मोठा संग्रह म्हणून नोंद झाली. क्रिकोवा येथील तळघरेही अशीच विस्तीर्ण आहेत. चुनखडीच्या जुन्या खाणींचा हा उपयोग आहे. दगड काढून नेल्यावर उरलेल्या बोगद्यांत तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर राहते व वाइन साठविण्यास नैसर्गिक थंडावा मिळतो.

या उद्योगाचा इतिहास गुंतवणूकशास्त्राच्या विद्यार्थ्याने आवर्जून अभ्यासावा असा आहे. २००५ मध्ये वाइनचा वाटा देशाच्या एकूण निर्यातीत एक चतुर्थांशाहून अधिक होता आणि त्या वाइनपैकी सुमारे ८० टक्के एकट्या रशियाकडे जात असे. रशियन ग्राहकांना गोडसर, स्वस्त वाइन हवी होती. त्यामुळे कारखान्यांनी दर्जापेक्षा प्रमाणावर भर दिला. मार्च २००६ मध्ये रशियाने आरोग्यास अपायकारक द्रव्ये आढळल्याचे कारण देऊन मोल्दोव्हा व जॉर्जिया या दोन्ही देशांच्या वाइनवर बंदी घातली. या निर्णयामागे राजकीय हेतू असल्याचे सर्वत्र मानले गेले. कारखान्यांत माल पडून राहिला, बँकांची कर्जे थकली आणि द्राक्षे घेण्यास ग्राहक उरला नाही. त्याचा सर्वांत मोठा फटका लहान बागायतदारास बसला. कारखानदार उत्पादन थांबवू शकतो. वेलीवर पिकलेले द्राक्ष थांबत नाही.

सप्टेंबर २०१३ मध्ये रशियाने पुन्हा बंदी घातली. या वेळी मात्र परिस्थिती वेगळी होती. मधल्या काळात अनेक उत्पादकांनी नवीन रोपे, नवी यंत्रसामग्री व बाटलीबंद दर्जेदार वाइन यांकडे मोर्चा वळवला होता. २०१३ मध्ये द्राक्षवेल व वाइनसाठी राष्ट्रीय कार्यालय स्थापन झाले व देशाच्या नावाने एकत्रित विपणन सुरू झाले. कोद्रू, व्हालुल लुई त्रायान आणि श्तेफान वोदा या प्रदेशांच्या नावांना भौगोलिक संरक्षण मिळाले. युरोपीय संघाने जानेवारी २०१४ पासून मोल्दोव्हाच्या वाइनवरील आयात शुल्क काढून टाकले. पुर्कारी ही १८२७ पासूनची परंपरा सांगणारी कंपनी फेब्रुवारी २०१८ मध्ये बुखारेस्टच्या शेअर बाजारात नोंदली गेली. जे संकट २००६ मध्ये उद्योगाच्या मुळावर आले होते, तेच पुढे त्याच्या पुनर्रचनेचे कारण ठरले. तथापि या स्थित्यंतराचा खर्च सर्वांना सारखा पेलला नाही. ज्यांच्याकडे भांडवल होते ते तरले.

आ) वाहनांचे सुटे भाग : मोटारीतील विजेच्या तारांचे जुडगे तयार करण्याचे काम यंत्राने पूर्णपणे करता येत नाही, त्यास कुशल हातांची गरज असते. म्हणून पश्चिम युरोपातील कंपन्या हे काम कमी वेतनाच्या, परंतु ट्रकने दोन-तीन दिवसांत पोहोचता येईल अशा प्रदेशात नेतात. जर्मनीची ड्रेक्सलमायर कंपनी २००७ मध्ये बेल्त्सी येथे आली. त्यानंतर ऑस्ट्रियाची गेबाउअर अँड ग्रिलर, जपानची सुमितोमो व अमेरिकेची लिअर या कंपन्यांनीही देशात उत्पादन सुरू केले. या उद्योगाने हजारो रोजगार दिले. त्याची मर्यादा अशी की, कच्चा माल बाहेरून येतो व तयार माल बाहेर जातो. देशात मुख्यत्वे वेतन उरते. वेतन वाढले अथवा युरोपातील मोटार उद्योग मंदावला, तर हा उद्योग दुसरीकडे सरकण्याची शक्यता राहते.

इ) माहिती तंत्रज्ञान : १ जानेवारी २०१८ पासून कार्यरत झालेले 'मोल्दोव्हा आयटी पार्क' हे इमारतींचे नव्हे, तर कायद्याने निर्माण केलेले आभासी उद्यान आहे. कंपनीचे कार्यालय देशात कोठेही असले तरी सभासदत्व मिळते. सभासद कंपनीने प्राप्तिकर, सामाजिक सुरक्षा व आरोग्य विमा यांऐवजी विक्री उत्पन्नाच्या ७ टक्के इतका एकच कर भरावयाचा असतो. मात्र प्रत्येक कर्मचाऱ्यामागे किमान रक्कम ठरवून दिलेली आहे, तसेच कंपनीचे किमान ७० टक्के उत्पन्न पात्र सेवांतून आले पाहिजे. भूवेष्टित देशासाठी या क्षेत्राचे महत्त्व विशेष आहे, कारण संगणकीय सेवेला बंदर, रेल्वे किंवा सीमाशुल्क नाका लागत नाही. मोल्दोव्हातील रेल्वे सोव्हिएत पद्धतीच्या रुंद मापाची असल्याने रोमेनियाच्या सीमेवर डब्यांची चाके बदलावी लागतात किंवा माल दुसऱ्या गाडीत चढवावा लागतो. ही अडचण लक्षात घेता वरील मुद्द्याचे महत्त्व पटते.

गुंतवणुकीतील जोखीम

अ) बँकिंग व्यवस्थेतील घोटाळा : नोव्हेंबर २०१४ मध्ये, संसदीय निवडणुकीच्या तोंडावर, बांका दे इकोनोमी, युनिबँक आणि बांका सोच्याला या तीन बँकांतून सुमारे एक अब्ज डॉलर नाहीसे झाल्याचे उघड झाले. ही रक्कम देशाच्या वार्षिक सकल उत्पादनाच्या सुमारे १२ टक्के होती. कार्यपद्धती थोडक्यात अशी होती. प्रथम परस्परसंबंधित व्यक्तींनी वेगवेगळ्या नावांनी बँकांचे भाग विकत घेतले. नंतर याच गटाशी निगडित कंपन्यांना कर्जे देण्यात आली. एका बँकेचे कर्ज दुसऱ्या बँकेच्या नव्या कर्जाने फेडल्याचे दाखविले गेले आणि शेवटी हा पैसा लॅटव्हियातील बँका व केवळ कागदोपत्री अस्तित्वात असलेल्या परदेशी कंपन्यांमार्फत बाहेर गेला. ठेवीदारांना वाचविण्यासाठी मध्यवर्ती बँकेने सरकारी हमीवर या बँकांना आपत्कालीन कर्ज दिले. २०१६ मध्ये त्या कर्जाचे सरकारी ऋणात रूपांतर करण्यात आले व त्याची परतफेड २०४१ पर्यंत अर्थसंकल्पातून होणार आहे. म्हणजेच ज्यांनी कर्ज घेतले नाही, त्या सामान्य करदात्यांवर पाव शतकाचा भार पडला.

घोटाळ्याशी संबंध नसलेल्या व्यावसायिकांनाही याची झळ पोहोचली. २०१५ मध्ये लेऊचे मूल्य घसरले. मध्यवर्ती बँकेला आपला मूळ व्याजदर त्या वर्षी १९.५ टक्क्यांपर्यंत न्यावा लागला. आंतरराष्ट्रीय संस्थांनी मदत रोखली. खेळते भांडवल महागल्याने प्रामाणिकपणे चाललेले उद्योग अडचणीत आले. तिन्ही बँका अवसायनात काढण्यात आल्या. त्यानंतर बँकांच्या खऱ्या मालकांची ओळख पटविण्याचे नियम कडक झाले. २०१८ मध्ये रोमेनियाची बांका ट्रान्सिल्व्हानिया व्हिक्टोरियाबँकेत आणि २०१९ मध्ये हंगेरीची ओटीपी बँक मोबियासबँकेत भागधारक म्हणून आली. ऑक्टोबर २०२५ पासून मोल्दोव्हातील बँका युरोपच्या एकल युरो देयक क्षेत्रात व्यवहार करू लागल्या.

आ) न्यायव्यवस्था : जागतिक बँकेच्या व्यवसाय सुलभता अहवालात २०२० साठी मोल्दोव्हाचा १९० अर्थव्यवस्थांत ४८ वा क्रमांक होता, भारताचा ६३ वा होता. याच सुमारास ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या भ्रष्टाचार धारणा निर्देशांकात २०१९ मध्ये मोल्दोव्हाला १०० पैकी अवघे ३२ गुण मिळाले होते. हे दोन आकडे परस्परविरोधी वाटले तरी तसे नाहीत. पहिला मुख्यतः नियम व प्रक्रियांचे मोजमाप करतो, तर दुसरा त्या राबविणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाविषयीची धारणा नोंदवितो. विदेतील अनियमिततेमुळे जागतिक बँकेने तो अहवाल २०२१ मध्ये बंदच केला, ही बाबही मानांकनांवर विसंबणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. २०२२ पासून न्यायाधीशांची मालमत्ता व सचोटी तपासण्याची प्रक्रिया सुरू झाली व अनेक न्यायाधीशांनी राजीनामे दिले. २०२३ मध्ये निर्देशांकातील गुण ४२ पर्यंत वाढले. मात्र न्यायाधीशांची संख्या घटल्याने प्रकरणे लांबण्याचा धोका निर्माण झाला. सुधारणेची ही अपरिहार्य किंमत होय.

परकीय गुंतवणूकदारांनी मोल्दोव्हाविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडेही धाव घेतली आहे. मुक्त आर्थिक क्षेत्रातील सीमाशुल्क सवलती बदलल्याबद्दल लिंक-ट्रेडिंग या अमेरिकी भागीदारीच्या कंपनीने केलेला दावा लवादाने २००२ मध्ये फेटाळला. सवलतीच्या आधारे उभारलेला व्यवसाय सवलत गेल्यावर टिकेल का, हा प्रश्न गुंतवणूकदाराने आधीच स्वतःला विचारला पाहिजे, असा या प्रकरणाचा बोध आहे. दुसरीकडे, किशिनाऊ विमानतळ २०१३ मध्ये ४९ वर्षांसाठी खासगी कंपनीकडे सोपविण्यात आला आणि दीर्घ न्यायालयीन संघर्षानंतर २०२३ मध्ये तो पुन्हा सरकारच्या ताब्यात आला. अपारदर्शक पद्धतीने मिळालेला ठेका सत्तांतरानंतर टिकत नाही, हे यावरून दिसते.

इ) ऊर्जापुरवठा : अनेक वर्षे देशाला लागणारा नैसर्गिक वायू जवळजवळ संपूर्णपणे रशियाच्या गॅझप्रॉमकडून आणि विजेचा मोठा हिस्सा ट्रान्सनिस्ट्रियातील कुचुर्गान केंद्राकडून येत असे. २०२१ च्या शरद ऋतूत वायूच्या दरावरून पेच निर्माण झाला. २०२२ मध्ये युक्रेनमधील युद्धामुळे परिस्थिती बिकट होऊन ऑक्टोबरमध्ये महागाईचा दर ३४ टक्क्यांवर गेला व त्या वर्षी अर्थव्यवस्था जवळजवळ ५ टक्क्यांनी आकुंचन पावली. १६ मार्च २०२२ रोजी मोल्दोव्हा व युक्रेन यांच्या वीज जाळ्यांची युरोपीय जाळ्याशी जोडणी करण्यात आली. रोमेनियातून किशिनाऊपर्यंत येणारी वायुवाहिनीही उपलब्ध झाली. १ जानेवारी २०२५ रोजी ट्रान्सनिस्ट्रियाकडे जाणारा रशियन वायू थांबला तेव्हा सर्वाधिक हाल त्याच भागातील रहिवाशांचे झाले. उर्वरित देशाने महाग दराने का होईना, बाहेरून वीज आणली. पुरवठ्याचा प्रश्न काहीसा सुटला, खर्चाचा मात्र कायम राहिला.

ई) ट्रान्सनिस्ट्रिया व मनुष्यबळ : ट्रान्सनिस्ट्रियात वेगळे चलन व वेगळी प्रशासनयंत्रणा आहे आणि तेथील न्यायालयांचे निर्णय बाहेर मान्य होत नाहीत. तेथील उद्योगांनाही युरोपशी व्यापार करण्यासाठी किशिनाऊकडे नोंदणी करावी लागते. जानेवारी २०२४ पासून नव्या सीमाशुल्क संहितेनुसार त्यांना आयात शुल्कही भरावे लागते. नवख्या गुंतवणूकदाराने या भागात मालमत्ता घेणे टाळणे श्रेयस्कर. उर्वरित देशात खरी उणीव मनुष्यबळाची आहे. रोमेनियन ही राजभाषा व रशियन ही सर्वत्र समजली जाणारी भाषा असल्याने येथील तरुण पूर्व व पश्चिम दोन्हीकडे काम करू शकतो. नेमक्या याच गुणामुळे तो देश सोडूही शकतो.

भारतीय उद्योजकांच्या दृष्टीने

भारत व मोल्दोव्हा यांच्यात मार्च १९९२ मध्ये राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. किशिनाऊ येथील वैद्यकीय विद्यापीठात भारतीय विद्यार्थी शिक्षण घेत आले आहेत. २०२२ मध्ये युक्रेनमधून भारतीय विद्यार्थ्यांची सुटका करताना काही विद्यार्थी मोल्दोव्हामार्गे रोमेनियात पोहोचले होते. व्यापारी संबंध मात्र अद्याप मर्यादित आहेत.

भारतातून तेथे गुंतवणूक करू इच्छिणाऱ्यांना भारतीय नियमांचेही पालन करावे लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये अमलात आलेल्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार भारतीय कंपनी आपल्या निव्वळ मालमत्तेच्या ४०० टक्क्यांपर्यंत स्वयंचलित मार्गाने परदेशात आर्थिक बांधिलकी स्वीकारू शकते. निवासी व्यक्तीला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठविता येते. परदेशातील उपक्रमाचा वार्षिक कामगिरी अहवाल अधिकृत बँकेमार्फत दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सादर करणे बंधनकारक आहे. परदेशात कंपनी स्थापणे सोपे असले, तरी हा अहवाल चुकल्यास पुढील रक्कम पाठविण्यात अडथळे येतात, याकडे लहान उद्योजकांचे अनेकदा दुर्लक्ष होते.

निष्कर्ष

१) मोल्दोव्हात करांचे दर कमी व नोंदणी सुलभ आहे, परंतु गुंतवणुकीचे यश या दोन बाबींवर अवलंबून नाही. मालमत्तेचे संरक्षण करणारी न्यायव्यवस्था व पारदर्शक बँका यांचे महत्त्व अधिक आहे.

२) वाइनसाठी एकच ग्राहक, वायूसाठी एकच पुरवठादार आणि बँकांवर एकाच गटाचे छुपे नियंत्रण या तिन्ही संकटांचे मूळ एकच आहे. लहान राष्ट्रात एकावर विसंबून राहण्याची किंमत मोठ्या राष्ट्रापेक्षा जास्त मोजावी लागते.

३) युरोपीय संघाशी जोडले गेल्याने बाजारपेठ, ऊर्जा व देयकव्यवस्था यांत स्थैर्य आले. मात्र निर्यातीचा दोन तृतीयांश भाग एकाच दिशेने जाणे हेही एक नवे अवलंबित्व आहे, हे धोरणकर्त्यांनी विसरता कामा नये.

४) निर्यातक्षम उत्पादन, दर्जेदार वाइन व संगणकीय सेवा ही क्षेत्रे तुलनेने अनुकूल आहेत. केवळ स्थानिक ग्राहकांवर किंवा केवळ करसवलतीवर आधारलेले प्रकल्प जोखमीचे ठरतात.

५) स्थानिक भागीदाराची व बँकेच्या खऱ्या मालकांची चौकशी, शेतजमिनीच्या भाडेपट्ट्याची छाननी आणि वाद उद्भवल्यास तो कोणत्या लवादाकडे जाईल याची करारातच नोंद, या तीन गोष्टी पैसा पाठविण्यापूर्वी पूर्ण होणे आवश्यक आहे.

सारांश, मोल्दोव्हाकडे केवळ गरीब देश म्हणून पाहणे जितके चुकीचे, तितकेच स्वस्त युरोप म्हणून पाहणेही चुकीचे आहे. प्रत्येक आघातानंतर या देशाने एकेक अवलंबित्व कमी केले आणि त्यासाठी सामान्य नागरिकांनी मोठी किंमत मोजली. तेथे जाणारे भांडवल या प्रक्रियेला हातभार लावणारे असेल, तरच ते गुंतवणूकदाराला व त्या राष्ट्राला दीर्घकाळ लाभदायक ठरेल.